जुना ॲम्प्लिफायर घ्यावा की नको

आप्पा,

मी एक जुना ॲम्प्लिफायर घेतला. गाडीत बसवायचा, तुमच्या जीपमध्ये होता त्याच घडणीचा. काळा, जपानी, उचलला तर मनगट वाकेल इतका जड, आणि पाठीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. घ्यावा की घेऊ नये यात माझा अख्खा उन्हाळा गेला. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, म्हणून घेऊन झाल्यावर हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बेळगावच्या कोर्टात नुकतीच लागले होते. अजून तिथंच आहे. साक्षीदार मराठीत बोलतो ते कन्नडमध्ये करून द्यायचं, हे माझं काम. माणूस सांगेल तेवढंच उतरवायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, ही सवय आता हाडात मुरली आहे. हेही तसंच लिहायचा प्रयत्न करते.

शहापुरात आपल्या घरामागच्या शेडमध्ये तुम्ही आणि थोरले काका माग चालवत होता आणि आई कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरत होती. मला मागाचा आवाज आवाज वाटतच नसे. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत आईचं बोलणं केवढं मोठं आहे हे कळायचं, कारण हळू बोलायची तिला सवयच राहिली नव्हती. शेडमध्ये तुम्ही लोक ओठांवरून बोलत होता. काकांनी नुसते ओठ हलवले तरी तुम्ही मान डोलवायचात, धागा जोडायचात, पाण्याचा तांब्या पुढं करायचात. त्यामुळं तुमचे कान नक्की कधी गेले हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली असेल, मग आम्ही मागून मारलेल्या हाका. एकदा चुलीजवळ बसलेले असताना तुमच्या पाठीमागं पितळी डबा पडला, आईच्या हातातून, आणि तुम्ही वळलाच नाहीत. आई डबा उचलायचा सोडून तुमच्या पाठीकडं बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या शिरा थकल्यात, बारीक आवाज आता येणार नाहीत, माग सोडला नाही तर उरलेलंही जाईल.

तुम्ही तुमचा वाटा काकांना दिलात आणि एक जुनी जीप घेऊन बेळगाव ते निपाणी वडाप सुरू केलीत. स्टँडबाहेर माणसं भरायची, वाटेत हात करील त्याला चढवायचं, म्हणेल तिथं उतरवायचं. ऐकू येत नाही हे त्या धंद्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही आरशात बघून सगळ्यांचे ओठ वाचत होता. आणि एके दिवशी दुपारीच घरी परत आलात, आम्हाला तिघांना बाहेर बोलावलंत. आई, मी आणि धाकटा. निपाणीच्या एका दुकानात सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ताटाएवढे स्पीकर. तुम्ही भजनाची कॅसेट लावता. जीपची दारं थरथरतात. तुम्ही डोळे मिटत नाही, हसतही नाही, नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसता, आणि मग आईकडं वळून म्हणता, “डग्गा ऐकाय येतोय.”

“सगळ्या शहापूरला ऐकाय येतोय,” आई म्हणाली.

मग ती आत गेली आणि तुमच्या पाठोपाठ मीही आत आले तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, “आवाजानंच कान गेलं, आन् आवाजच इकत आणलासा.” तुम्ही ते तिच्या ओठांवरून वाचलंत. “त्यो येगळा आवाज हाय,” एवढंच बोललात. मला तेव्हा आईचं खरं वाटलं होतं. आता दोघांचंही वाटतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तुमचे बारीक आवाज गेले होते, जाड आवाज शिल्लक होते, आणि त्या जाड आवाजांना कुणीतरी मागून ढकलायला पाहिजे होतं. गाणाऱ्याचे शब्द तुम्हाला शेवटपर्यंत आले नाहीत. डग्गा, ढोलकी, पखवाज, एवढंच.

मे महिन्यात निपाणीला आत्याकडं जायचं तर मी तुमच्या शेजारी पुढं बसायची. गाण्यासाठी तुमच्या गाडीला पोरं थांबून राहायची, पुढची रिकामी गाडी सोडून. त्या दिवसांत एकदा तुमची खाल्लेली बोलणी माझ्या लक्षात आहेत. मागून एक म्हातारी “हत्तरगीला थांबवा रं” म्हणून सांगत होती आणि तुम्ही आरशात दुसरीकडं बघत होता. मी मागं वळून तिला म्हटलं, “त्यांना ऐकू येत नाही.” तुम्हाला ते माझ्या तोंडावरून कळलं. हत्तरगीला गाडी थांबली, म्हातारी उतरली, तुम्हीही उतरलात आणि मला बाजूला घेऊन गेलात. “तिनं माझ्या खांद्याला हात लावला असता, मी थांबलो असतो. लोक माझ्या भरवशावर बसत्यात. त्यो भरवसा तू का मोडायचा?” आवाज चढवला नव्हतात. मग संकेश्वरला तुम्ही मला उसाचा रस पाजलात.

आणि तवंदी घाट. कोर्टात मी शेकडो अपघातांच्या साक्षी उतरवल्या, तरी हे स्वतः कधी लिहून काढलं नव्हतं. आपण निपाणीकडं उतरत होतो. गाडी भरलेली, मागं दोघं लोंबकळत. कॅसेट चालू होती. मागून एक ट्रक हॉर्न देत येत होता, सलग, हात न काढता. मला तो आधी गाण्यातलाच वाटला. मग मागची माणसं ओरडायला लागली आणि त्यांचं ओरडणंही गाण्यात बुडून गेलं. त्या क्षणी तुम्ही आरशात नव्हता, पुढच्या वळणावर बघत होता, आणि ते बरोबरच होतं. मी तुमचा दंड धरून ओढला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग आरशात, आणि जीप डोंगराच्या बाजूला गटारात घातलीत. ट्रक आपल्या दाराला घासल्यासारखा पुढं गेला आणि खालच्या वळणावर आडवा झाला. त्याचे ब्रेक गेले होते. त्याचा ड्रायव्हर काचेतून स्वतःच बाहेर आला, रस्त्यात बसला आणि रडायला लागला. आपल्यात कुणाला काही झालं नाही. एका बाईच्या मांडीवरच्या पाटीतली अंडी फुटली होती. इंजिन बंद होतं, पण टेप बॅटरीवर चालूच होता, आणि तो बंद करायला कुणाला सुचत नव्हतं. शेवटी तुम्हीच हात पुढं करून बंद केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात जीपखाली सतरंजी टाकून ॲम्प्लिफायर सोडवला. आई स्क्रू धरायला वाटी घेऊन उभी होती. तिनं जिंकल्यासारखं काही केलं नाही. उलट म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की. बारीक लावा.” तुम्ही म्हणालात, “बारीक लावला तर मला कशाला?” थोड्या दिवसांनी जीपही विकली आणि खडेबाजारातल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागलात. गिऱ्हाईक काय मागतंय ते तिथंही ओठांवरून कळायचं. पुढची सगळी वर्षं तुम्ही गाण्याशिवाय काढलीत आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत.

आता यंदाचं सांगते. मी गाडी घेतली आहे, छोटी, पांढरी. माग भंगारात गेले, शहापूरचं घर काकांच्या मुलांकडं आहे, धाकटा पुण्यात असतो आणि आई माझ्याकडं. फोनवर जुन्या वस्तू विकायला काढणाऱ्यांची एक जागा असते, तिथं मला तो ॲम्प्लिफायर दिसला. निपाणीचा माणूस, खाली लिहिलेलं, ‘चालू कंडिशन’. तो तुमचाच असेल असं मला वाटलं नाही. तसले पुष्कळ आले होते त्या काळात. पण मी तो फोटो रोज काढून बघू लागले.

खडेबाजाराच्या मागच्या बोळात गाड्यांना टेप-स्पीकर बसवणारा एक जण आहे, माझ्यापेक्षा थोडा लहान, मला आक्का म्हणतो. त्याला फोटो दाखवला. त्यानं फोन लांब धरून बघितला आणि परत दिला.

“नगा घेऊ आक्का. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करून तरी बघता येतंय. ह्याच्या आत काय वाळलंय ते कुणाला दिसत न्हाय.”

“वापरलाच नसेल तर?”

“तर जास्त वाळतंय. आतलं कंडेन्सर नुसतं ठेवूनसुदा मरत्यात. आन् आधी कुणी उघडला असंल तर इचारूच नगा. एक पार्ट मिळाला न्हाय की दुसराच कुठलातरी बसवत्यात. त्यो आज चालतोय, उद्या तुमचं स्पीकर जाळतोय, परवा वायर तापली तर गाडी.”

“पण लोक घेतातच की.”

“घेत्यात. त्या वेळची वस्तू जड हुती, लिवल्यापेक्षा जास्त ताकद द्यायची. आता डब्यावर हजार वॅट लिवत्यात आन् आत काय बी नसतंय. म्हणून घेत्यात. पण दहा जागी फसल्यावर एक चांगला हाताला लागतोय. तुमी एकच घेणार.”

हे सगळं मला पटलं. एकच घेणाऱ्याला सरासरीचा उपयोग नसतो. मी तो विषय सोडला आणि मग एका रविवारी त्याला म्हटलं, नुसता बघून येऊ, तू ये बरोबर. त्यानं एक बॅटरी, एक टाकाऊ स्पीकर आणि वायरी गाडीत टाकल्या. तवंदीचा रस्ता आता रुंद झालाय, मधे दुभाजक आहे. मी तिथून उतरताना मुद्दाम काही आठवलं नाही.

विकणारा माणूस पासष्टीचा असेल. पूर्वी त्याची लग्नाच्या वरातीला सजवून द्यायची गाडी होती. घर रंगवायला काढलं होतं आणि बायकोनं कपाट रिकामं करायला लावलं होतं, म्हणून हा ॲम्प्लिफायर बाहेर निघाला होता. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला, स्वच्छ. “एकदम चालू हाय,” तो म्हणाला.

“शेवटचा कधी लावला होता?” मी विचारलं.

“गाडी विकली तवा.”

“त्याला किती वर्षं झाली?”

तो बायकोकडं बघायला लागला. बायको म्हणाली, “थोरलीचं लगीन व्हायचं हुतं.” थोरलीची मुलगी तेव्हा आतून चहा घेऊन येत होती, कॉलेजात जाणारी. माझ्याबरोबरचा खाली बघून हसला. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता, हेही सांगते. ठेवला तेव्हा चालू होता म्हणजे आताही चालू असणार, असं त्याला मनापासून वाटत होतं. असे साक्षीदार मी खूप बघितलेत.

अंगणात पेव्हरवर बॅटरी ठेवली. मधे एक छोटा फ्यूज घातला, टाकाऊ स्पीकर जोडला. “आपला चांगला स्पीकर पयल्यांदा लावायचा नसतोय,” तो म्हणाला. “जायचा तर ह्यो जाऊ दे.” मग फोन जोडून एक भजन लावलं. सुरुवातीला नुसती घरघर आली, आणि मग आवाज आला. मोठा, स्वच्छ, जमिनीतून आल्यासारखा. विकणारा हात मागं बांधून मान डोलवू लागला. माझ्याबरोबरचा उकिडवा बसला होता, तो तसाच ॲम्प्लिफायरला नाक लावून वास घेऊ लागला. थोड्या वेळानं एका बाजूचा आवाज फाटला, जळक्या वार्निशसारखा वास सुटला आणि फ्यूज गेला.

विकणाऱ्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, नका घेऊ, मी कुणाला देत नाही आता. त्याच्या बायकोनं फडकं परत आणलं. आम्ही गाडीशी आलो आणि माझ्याबरोबरच्यानं सामान डिकीत ठेवताना म्हटलं, “बघितलं न्हवं?” मी तिथंच उभी राहिले. मला जे सुचलं ते साधं होतं. इतके दिवस मला भीती होती ती आत काय आहे ते न कळण्याची. आता कळलं होतं. बिघडलेला म्हणून घ्यायचा तर फसवणूक कुठं राहिली?

मी त्याला तसं म्हटलं.

“ते बी खरं हाय,” तो म्हणाला. “चालू म्हणून घेतला असतासा तर गाडीत जाऊन जळला असता. मोडका म्हणून घ्यायचा असंल तर मी उघडतो. पण हुईलच असं न्हाय म्हणत मी.”

परत जाऊन मी तो मोडका म्हणून मागितला. विकणाऱ्याला आधी माझी थट्टा वाटली. मग त्यानं तो फडक्यासकट दिला आणि गाडीपर्यंत स्वतः उचलून आणला.

दुकानात उघडल्यावर भीती खरी निघाली. कुणीतरी पूर्वी आत हात घातला होता, एक पार्ट भलताच बसवला होता, आणि कंडेन्सर फुगले होते. त्यानं ते सगळे बदलले. काही हुबळीहून मागवले, एकासाठी दुसरा मेलेला ॲम्प्लिफायर फोडला. पावसाळा संपत आला तेव्हा फोन आला. मी गेले तर दुकानात तो चालू होता आणि हा माणूस स्टुलावर पाय वर घेऊन ऐकत बसला होता. “तुमाला नको असंल तर मी घेतो,” म्हणाला. गाडीत बसवताना त्यानं बॅटरीपाशीच फ्यूज घातला, म्हणजे वायर कुठं घासली तरी गाडी पेटायच्या आधी फ्यूज जाईल. मी म्हटलं, गाडी चालू असताना मी हा लावणार नाही, उभी असतानाच लावणार, तसं काही बटण करून देता येईल का. तो माझ्याकडं बघत राहिला. “मग गाडीत कशाला, आक्का? घरात टेबलावर ठेवा की.” मी त्याला घाट सांगितला नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही, बटण बसवून दिलं.

तर घ्यावा की नाही याचं मला सापडलेलं उत्तर असं. नफ्यासाठी घेत असाल तर नको. हौस म्हणून चांगला समजून घेत असाल तरी नको. तो मेलेला आहे असं धरून चाललात, उघडून बघणारा माणूस ओळखीचा असला, आणि गेला तर गेला म्हणायची तयारी असली, तर घ्या. तुम्ही हे ऐकून म्हणाला असता, एवढं कोण इचार करतंय. तुम्ही एका दुपारीत घेऊन आला होता.

आईचे कानही आता गेलेत. कांड्या भरत ती तुमच्याइतकीच वर्षं त्या शेडमध्ये बसली होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला मशीन घेऊन दिलंय, ते शिट्टी मारतं म्हणून ती काढून ठेवते. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मी तिला अंगणात पुढच्या सीटवर बसवलं आणि भजन लावलं. मला वाटलं उठून जाईल. ती पदर खांद्यावर घेऊन समोरच्या काचेकडं बघत बसली, एखाद्या गावाला निघाल्यासारखी. एक भजन संपलं, दुसरं सुरू झालं. मी वाकून तिच्या समोर तोंड नेऊन विचारलं, “बंद करू?”

“जरा वाढीव,” ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी ती स्वतःच चप्पल घालून गाडीशी जाऊन उभी राहते. दार उघडून द्यायचं, बटण दाबायचं, एवढंच माझं काम. तुमच्याबद्दल ती त्या वेळी काही बोलत नाही. मीही विचारत नाही. एकदा फक्त दार लावता लावता म्हणाली, “त्येंला सांगायला पायजे हुतं, मला बी येतोय म्हणून.” येतोय म्हणजे डग्गा, हे मला कळलं.

हे पत्र पाठवायची काही सोय नाही, आणि असती तरी मी मागंपुढं केलं असतं. तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं की बाकी सगळं राहू दे, आवाज कसा हाय. आणि मला सांगावं लागलं असतं की आप्पा, मला तो फार मोठा होतो. आई गाडीत बसली की मी आत येते आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते.